बिल्डिंग पाडणारच आहेत, मग पडदे कशाला?

पत्र

ताई, डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. १९८९ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. चार वर्षं रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे, यंदा कुठे पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, नेमलाय म्हणे. त्यामुळे घराला कोणी हात लावत नाही. मिस्टरांचं एकच, पाडणारच आहेत तर कशाला पैसे घालायचे. हॉलमध्ये अख्खी भिंत भरून सासऱ्यांनी करून घेतलेलं शोकेस आहे, ठासून भरलेलं. सोफ्याचं रेक्झिन फाटलंय, बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, सासूबाईंचं शिलाई मशीन कोपऱ्यात पडून आहे आणि त्याच्यावर रद्दी. मैत्रिणीने नवीन टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, फॉल्स सीलिंग वगैरे सगळं, तिकडून आल्यापासून मला कोणाला घरी बोलवायची लाज वाटते. भिशीचे १२ हजार मी बाजूला ठेवलेत. रील्स बघून त्या विटांच्या डिझाइनच्या फोम शीट, मार्बल वॉलपेपर आणि एलईडी स्ट्रिप कार्टमध्ये टाकल्यात. मागवू का?
– डोंबिवलीची एक सून

उत्तर

अगं, आधी ते कार्ट रिकामं कर. मग बोलू.

एवढं तडकाफडकी का म्हणतेय ते सांगते. आमची बिल्डिंग पण "यंदा नक्की" म्हणत म्हणत सहा वर्षं उभी होती, मुलुंडला, आणि तिसऱ्या वर्षी मला राहवेना म्हणून मी हॉलच्या ओल येणाऱ्या भिंतीवर अगदी त्याच पांढऱ्या विटांच्या शीट चिकटवल्या. २२ शीट, दोन रविवार, मुलीला हाताशी घेऊन. दोन महिने काय मस्त दिसत होतं, येईल त्याला मी दाखवत होते. मग पाऊस लागला आणि कोपऱ्यातल्या शीट पुरीसारख्या फुगायला लागल्या, एक ओढून बघितली तर मागे काळीकुट्ट बुरशी आणि शीटबरोबर रंग आणि पुट्टीचे पोपडे पण हातात आले. ओल असते ना ती भिंतीतून बाहेर यायला बघते, वारा लागला की सुकते, आपण तिच्यावर प्लास्टिक लावलं की आतच कोंडते. वॉलपेपरचं तेच, तो पण चिकटवलेला प्लास्टिकचाच कागद. आणि एलईडी स्ट्रिपचा गोंद आपल्या दमट हवेत किती दिवस टिकतो हे ज्याच्या घरी ती पट्टी अर्धी लोंबकळतेय त्याला विचार. शिवाय त्या जांभळ्या उजेडात भाजीसुद्धा वेगळी दिसते. असो.

आता मिस्टरांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. पाडायच्या घरात टाइल्स, पीओपी, फर्निचर ठोकून घेणं म्हणजे पैसे ढिगाऱ्यात टाकणं, हे मला मान्य. पण उरलेला अर्धा भाग बघ. पीएमसी नेमला म्हणजे काय झालं, तर आत्ता कुठे सुरुवात झाली. त्याचा अहवाल, मग टेंडर, मग निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभा घेऊन बिल्डर निवडायचा, मग अॅग्रीमेंटचे मसुदे आणि त्यावरून भांडणं (तळमजल्यावाले आणि दुकानवाले एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे, प्रत्येक सोसायटीत हेच), मग महापालिकेची मंजुरी, मग घरं खाली करायची. दोन-तीन दिवाळ्या तर तुझ्या याच घरात जातील असं धरून चाल. चार वर्षं अशीच गेली ना? मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हापासून तुम्ही "आता कशाला" म्हणताय.

म्हणून मी आमच्या घरासाठी जो नियम केला होता तोच तुला देते. जे जिन्याने उतरवून टेम्पोत चढेल त्यालाच पैसे. लॅम्प चढतो, पडदा चढतो, चादरी, फ्रेम, कुंड्या चढतात. बिल्डर भाडं द्यायला लागला की तुम्ही दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात जाणार, तिथून नवीन घरात, म्हणजे आज घेतलेली वस्तू तीन घरं बघणार. हे हिशोबाने सांगितलंस ना तर मिस्टर पण गप्प बसतील. भिंतीला, फरशीला, छताला जे कायमचं चिकटतं त्याला एक पैसा नाही. सजावटीपुरता याला मी फक्त एक अपवाद करणार आहे, तो पुढे येईल.

पण खरेदी लगेच नाही करायची. पहिले पंधरा दिवस काहीच आणायचं नाही, फक्त काढायचं.

शोकेसपासून सुरुवात. मला ते न बघता दिसतंय, सनमायका, सरकत्या काचा, त्यातली एक काच अडकते, वरच्या कप्प्यात कोणीच कधी न वापरलेला कपबशांचा सेट, प्लास्टिकचा ताजमहाल, लग्नात आलेली तीन घड्याळं, पिशवीत घातलेला टेडी, दीराच्या कॅरमच्या ट्रॉफी आणि खालच्या बंद कप्प्यात काय आहे हे देवालाच माहीत. बरोबर? आता इथे सुनांची एक ठरलेली चूक होते. आपण सासूबाईंना विचारतो, "आई, हे टाकू का?" याचं उत्तर नाहीच येणार. का यावं? तो सेट त्यांनी पैसे साठवून घेतलेला असतो, ते शोकेस तुझ्या सासऱ्यांनी बोनसमधून करून घेतलं असेल. तू त्यांना "टाकू का" विचारलंस की त्यांना ते "तुम्हाला टाकू का" असं ऐकू येतं. त्याऐवजी सगळं बेडवर काढ, काचा पूस, आणि मग त्यांना विचार, "यातलं समोर काय काय मांडू?" त्या निवडतील आणि अगदी मनापासून निवडतील. आमच्या सासूबाईंनी सगळ्या चिनी मातीच्या बाहुल्या सोडून एक पितळी फिरकीचा तांब्या आणि त्यांच्या वडिलांचा पानाचा डबा निवडला होता, मला वाटलं होतं उलटंच होईल.

आणि उरलेलं? ते टाकायचं नाहीच. किराणावाल्याकडून मजबूत खोके आण, त्यात भर, बाहेर मार्करने लिही काय आहे, आणि माळ्यावर टाक. कोणी विचारलं तर सांगायचं, शिफ्टिंगचं पॅकिंग सुरू केलंय. कळलं का? जी बिल्डिंग चार वर्षं तुला काही करू देत नव्हती तिचंच नाव पुढे करायचं. घर खाली करायच्या वेळी हे करावंच लागणार आहे, तेव्हा पंधरा दिवसांत हातघाईवर येऊन करण्यापेक्षा आत्ता सावकाश कर. माळ्यावर जागा नसेल तर आधी माळा काढावा लागेल, तिथे फुटकी बादली आणि जुन्या मिक्सरचा खोका असणारच, त्याला भंगारवाला. साड्या-कपड्यांना बोहारीण येत असेल तुमच्याकडे अजून तर उत्तम, सासूबाईंना घासाघीस करायला मजा येते आणि एक पातेलं पण पदरात पडतं.

शोकेसचे कप्पे परत भरताना तीनातला एक भरायचा, दोन मोकळे, किंवा एकात नुसती मुलाची पुस्तकं. मोकळा कप्पा बघून पहिले चार दिवस घरच्यांचे हात शिवशिवतात. टीव्हीचा रिमोट, लाइट बिल, औषधाची पट्टी, सगळं तिकडे धावतं. चार दिवस खमकी राहा.

तसंच खिडकीचं ग्रील. ते बाहेर काढलेलं बॉक्स ग्रील असेल ना, त्यात सुकलेल्या तुळशीची कुंडी, तुटका मॉप, सायकलचं चाक वगैरे? सगळं आत घे आणि निकालात काढ. डासांची जाळी काढून साबणाच्या पाण्यात धू. मी अतिशयोक्ती करत नाहीये, आमच्याकडे जाळी धुतल्यावर दुपारी लाइट लावायची गरज संपली, इतकी धूळ होती तिच्यात. फुकटात उजेड. आणि सोफा थ्री प्लस वन प्लस वन असेल तर त्यातली एक सिंगल खुर्ची घरातून घालव. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये पाच जणांचा सोफा ही त्या काळातली फॅशन होती, आता ती खुर्ची म्हणजे इस्त्रीचे कपडे ठेवायची जागा. ती कोणाला तरी दे, आणि त्या कोपऱ्यात पुढे लॅम्प येणार आहे.

आता लाइट. माझ्या मते तुझ्या १२ हजारांतले सगळ्यात कामाचे पैसे इथे लागणार आहेत आणि ते दोन हजारसुद्धा नाहीत.

तुझ्या मैत्रिणीच्या घरात तुला काय आवडलं याचा विचार केलायस? तुला वाटतंय फॉल्स सीलिंग. मला वाटतं त्या सीलिंगमधले पिवळसर छोटे दिवे. आपल्या जुन्या घरांत काय असतं, भिंतीवर वर एक पांढरी ट्यूब, ती खोलीभर सारखा उजेड फेकते, कुठे सावली नाही की कुठे कोपरा नाही, आणि फाटलेलं रेक्झिन, भिंतीवरचे डाग, सगळं स्पष्ट दाखवते. बल्बच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो बघ, ६५०० के, ४००० के, ३००० के असा, तो केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. ६५०० म्हणजे ट्यूबसारखा निळसर पांढरा, ४००० मधला, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बसारखा. दुकानात नुसतं "बल्ब द्या" म्हटलंस तर हमखास पांढरा मिळतो, वॉर्म व्हाइट मागायचा आणि आकडा बघून घ्यायचा. ९ वॉटचा एलईडी साधारण शंभराच्या आतबाहेर मिळतो.

असे तीन दिवे, तीन वेगवेगळ्या जागी, आणि महत्त्वाचं म्हणजे खाली. एक त्या खुर्चीच्या रिकाम्या कोपऱ्यात, एक शोकेसच्या मोकळ्या कप्प्यात किंवा टीव्हीच्या बाजूला, एक जेवायच्या टेबलाजवळ. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याच्याही खाली दिवा असला की खोली एकदम वेगळी वाटते. ट्यूब काढून टाकायची नाही हं, केर काढताना, तांदूळ निवडताना, रात्री हरवलेलं काहीतरी शोधताना तीच लागते. फक्त संध्याकाळी सातनंतर ती बंद. मुलाच्या अभ्यासाच्या जागी मात्र ४००० वाला लाव, पिवळ्या उजेडात त्याला झोप येईल आणि बोलणी मला बसतील.

शेड विकत घ्यायची असेल तर घे, पण मी बुरुडाकडची बांबूची टोपली उलटी टांगली होती. तळाशी मधोमध भोक, त्यातून होल्डर, आणि होल्डरला वायर, मध्ये बटण, टोकाला प्लग, अशी तयार माळ इलेक्ट्रिकच्या दुकानात दोनशेच्या आसपास जोडून मिळते. रात्री भिंतीवर त्या विणीची जाळी पडते. एलईडी फार तापत नाही म्हणून हे चालतं, जुना १०० वॉटचा बल्ब टोपलीत घालायचा नाही, आग लागेल. मुंबईत कधी कामाला येत असशील तर क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ लोहार चाळ, दिव्यांचं सगळं तिथे. तिथूनच चालत मंगलदास मार्केट, कापडाला. रविवारी जाऊ नकोस, बंद असतं.

मंगलदासवरून पडद्यांकडे येऊ. रेडिमेड पडदे घेऊ नकोस, ते चकचकीत पॉलिएस्टरचे फुलाफुलांचे मिळतात आणि आपल्या खिडकीला कधीच पुरत नाहीत, एक तर वीतभर कमी नाहीतर जमिनीवर लोळतात. मांजरपाट घे. हो, तोच, जुना, पिशव्यांचा, कच्च्या रंगाचा. साधारण सत्तर-ऐंशी रुपये मीटर, उजेड गाळून आत सोडतो आणि त्याचा सायीसारखा रंग कुठल्याही भिंतीला जातो. हिशोब सांगते, कागदावर घे. खिडकी पाच फुटांची धरू, पण दांडी सहा फुटांची लावायची, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे पडदा सारला की तो भिंतीवर जाऊन बसतो, काच अडवत नाही. आपण काय करतो, बरोब्बर खिडकीएवढी दांडी लावतो आणि मग निम्मी खिडकी दिवसभर पडद्याखालीच. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे बारा फूट, म्हणजे ४८ इंच पन्ह्याचे तीन पट्टे. दांडी खिडकीच्या सहा-आठ इंच वर लावून जमिनीपर्यंत सोडला तर सात फूट, वर-खाली दुमडीला दहा इंच, मिळून एक पट्टा जवळपास २.४ मीटर. तीन पट्ट्यांचे सव्वासात, आठ मीटर आण, कारण मांजरपाट आटतो. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजत टाक, वाळव, इस्त्री कर, मगच कात्री लाव. हे विसरलीस तर पहिल्या धुण्यात पडदा घोट्याच्या वर जाईल. नुसतं साधं वाटलं तर खालच्या बाजूला जुन्या साडीचे काठ लाव, विरलेल्या साडीचे काठ शाबूत असतातच.

सोफा. नवीन रेक्झिन घालून घेऊ नकोस, फोम, रेक्झिन आणि मजुरी मिळून तुझे सगळे पैसे तिथेच संपतील. सोलापुरी चादरी. जाड असतात, धुता येतात, घसाराही सहन करतात, आणि डिझाइन दोन्ही बाजूंनी दिसतं त्यामुळे उलटसुलट वापरता येतात. एकच रंग निवड, गडद निळा किंवा तो विटकरी लाल, दोन्ही एकत्र नको. रेक्झिनवर चादर घसरते ही तक्रार सगळ्यांची. त्याला दोन गोष्टी, एक म्हणजे किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतात ती रबराची जाळीदार मॅट बैठकीवर अंथरायची आणि तिच्यावर चादर, दुसरी म्हणजे पाठ आणि बैठक यांच्या फटीत चादर आत खोचून वरून वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी दाबून बसवायची. मुलाने सोफ्यावर उड्या मारल्या तरी निघत नाही. निघते, पण कमी.

उशा मोठ्या घे, १६ बाय १६ च्या खाली नको, आणि चारच. सोफ्यावर सात छोट्या उशा असल्या की माणूस बसणार कुठे, पाहुणा एक उशी मांडीवर घेऊन अवघडून बसतो, बघितलंयस ना? अभ्रे खणाचे कर, खणाचं कापड असंही झंपरासाठीच घेतलं जातं त्यामुळे छोट्या तुकड्यात मिळतं.

बेडरूमची ओल. इथे सजावट नाही, इथे आधी पाणी कुठून येतं ते शोध. भिंत बाहेरची आहे आणि फक्त पावसाळ्यात ओली होते तर पाणी बाहेरून. बाराही महिने ओली आणि वर कोणाचा तरी बाथरूम आहे, तर पाणी वरून. बाहेरून असेल तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी, सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्येच तसं आहे, लेखी अर्ज दे. पाडायची बिल्डिंग म्हणून टोलवतील, तरी दे, निदान बाहेरून प्लास्टर मारून मिळालं तरी पुष्कळ. तोपर्यंत कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, मागून वारा खेळू दे. पोपडे पत्र्याने खरवडून काढ (तोंडाला मास्क, मुलाला बाहेर पाठवून). रंगाची घाई नको. एक जाड प्लास्टिकची पिशवी कापून भिंतीवर चारी बाजूंनी टेपने चिकटव, दुसऱ्या दिवशी काढून बघ, आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंत अजून ओलीच आहे. डिसेंबर-जानेवारीत हे कोरडं आलं की साधा डिस्टेंपर मार, भारीतला प्लास्टिक पेंट नको. आणि तोपर्यंत भिंत उघडीबोडकी दिसली तर दिसू दे. कोण येतंय तुझ्या बेडरूममध्ये.

आता तो अपवाद. हॉलची एक भिंत रंगव. सोफ्याच्या मागची, कारण दार उघडल्यावर तीच दिसते. टेम्पोत चढणार नाही हे कबूल, पण खर्च हजाराच्या आसपास आणि एक रविवार. दहा बाय नऊची भिंत म्हणजे ९० चौरस फूट, दोन हातांसाठी लिटरमागे साधारण साठ-पासष्ट चौरस फूट धर, म्हणजे दीड लिटर, दोन घेऊन ठेव, उरलेला दाराच्या मागच्या डागांना होईल. पेंटच्या दुकानात मशीनवर शेड बनवून देतात. शेड कार्डावर जो रंग आवडेल त्याच्या दोन पायऱ्या फिका घ्यायचा, भिंतीवर तो गडदच दिसतो. मी सांगू? भगवा, जांभळा, पोपटी असलं काही नको, ती एक भिंत भडक करायची लाट येऊन गेली आणि त्या भिंती अजून लोकांच्या नजरेला टोचतायत. मातीचा रंग घे, गेरूमध्ये भरपूर दूध घातल्यासारखा. मांजरपाट आणि चादरींशी तो जमतो. आधी पॉलिश पेपर मारायचा, खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवायची, ओल्या फडक्याने पुसायचं, हे टाळलंस तर रंग नवा आणि भिंत जुनीच दिसेल. ही भिंत कोरडी आहे ना तेवढं बघ.

फोटो लावताना एक लक्षात ठेव. आपल्याकडे सगळं छताला टेकवून, पुढे झुकवून लावायची सवय आहे, देवाच्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरींची ती जागा. त्यामुळे मुलाचा समुद्रावरचा फोटोही आपण तिथेच वर टांगतो आणि मग त्याला हार घालायचाच बाकी राहतो. फ्रेमचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे, आणि सोफ्याच्या वर लावत असशील तर पाठीपासून वीतभरच वर. मोबाइलमधले चार फोटो छापून घे, चारही एकाच रंगाच्या फ्रेममध्ये. सासऱ्यांचा पण एक घे, पण तो पासपोर्ट फोटो मोठा केलेला नको, कुठेतरी हसताना असेल तो.

फरशी मोझॅक असणार, त्या काळातल्या बिल्डिंगमध्ये तीच. तिच्यावर व्हिनाइलच्या शीट टाकायच्या फंदात पडू नकोस आणि मेहेरबानी करून अॅसिड टाकून घासू नकोस. त्या फरशीत संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, अॅसिडने दोन्ही खाल्लं जातं, आज पांढरी दिसते आणि मग खरखरीत होऊन दुप्पट मळ धरते. साधा साबण, ब्रश, कोमट पाणी. शहाबादी असली तरी हेच. सोफ्यासमोर एक सतरंजी टाक, बास.

झाडं दोनच. मनीप्लांट बाटलीत ठेवलास तर आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं म्हणजे बदलायचं, नाहीतर डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल.

मी मगाशी हिशोब मांडून बघितला, दिवे, दोन खिडक्यांचे पडदे दांड्यांसकट, तीन चादरी, उशा, रंग, फ्रेम, बेडरूमचा डिस्टेंपर, सगळं धरून साडेनऊ ते दहा हजारांत बसतं. उरलेले मिस्टरांना सांगू नकोस.

आणि फॉल्स सीलिंगचं काय ते मनातून काढ. छत आधीच नऊ-साडेनऊ फुटांचं, त्यातलं पाऊण फूट खाली आणायला लोक पैसे देतात. तुझ्या मैत्रिणीला बोलव घरी, पण संध्याकाळी सातनंतर बोलव, ट्यूब बंद करून.

पडदे शिवणार कोण, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. टेलर एका पडद्याचे दोनशे-तीनशे सांगेल आणि दिवाळीच्या तोंडावर तर उभंच करणार नाही. तुझ्या घरात पायमशीन आहे, रद्दीच्या खाली. सासूबाई शिवायच्या ना त्याच्यावर? मग रद्दी विक, मशीन खिडकीपाशी आण, आणि मांजरपाट आणायला त्यांनाच बरोबर घेऊन जा, कापड बोटांत धरून चोळून बघायचं ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सरळ शिलाईच आहे, आणि पडद्यांनंतर उशांचे अभ्रे पण त्याच करतील, तू थांब म्हणालीस तरी. बंद पडून किती वर्षं झालीयत ते विचार. पट्टा वाळून सैल झालेला असणार, तो मशीन रिपेअरवाल्याकडे स्वस्तात मिळतो, आणि सगळ्या भोकांतून मशीनचं तेल सोडून एक रात्र तसंच ठेवा. सकाळी आधी चिंधीवर चालवा, नाहीतर पहिल्याच पट्ट्यावर काळे डाग पडतील.